भावकीच्या फाउंड्रीत २२ टक्के हिस्सा: कंपनी बंद पाडायची की आपलं मोल घेऊन बाहेर पडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, सात भागधारक आणि सातही एकाच भावकीतले. वडिलांच्या पश्चात २२ टक्के शेअर्स तुमच्या नावावर झाले, तुम्ही डायरेक्टरही झालात. सहा वर्षं लाभांश नाही, चुलत भाऊ मात्र दरमहा भक्कम पगार उचलतात. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला डायरेक्टरपदावरून काढलं. आता कळतंय की नवे शेअर्स काढून तुमचा हिस्सा दहा टक्क्यांखाली नेलाय. कोर्टाकडून कंपनी बंद करून घेऊन आपला वाटा वेगळा काढता येईल का, आणि केस कोल्हापुरात चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. केस कोल्हापुरात चालणार नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं, म्हणून हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. पण कंपनीतल्या अशा तक्रारी आणि कंपनी बंद करण्याचे अर्ज हे दोन्ही राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जातात, आणि कोल्हापुरात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या कंपनीसाठी ते मुंबई खंडपीठ. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४३० मुळे दिवाणी कोर्टाला या विषयात हातच घालता येत नाही. जिल्हा न्यायालयात दावा लावून स्टे मिळवू, असा सल्ला कुणी देत असेल तर त्यात वर्ष फुकट जाईल.

आता मुख्य मुद्दा. तुमचं लिहिणं नीट वाचलं तर कंपनी बंद व्हावी ही तुमची गरज दिसत नाही. बाहेर पडायचंय, रास्त भावाने पैसे हवेत, आणि आत काय चाललंय ते कळायला हवंय. बंद करण्याची मागणी रागातून येते, आणि तो राग मी समजू शकतो. पण फाउंड्री न्यायाधिकरणाच्या आदेशाने बंद झाली तर काय होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा.

आदेश झाला की लिक्विडेटर, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, ताबा घेतो. धंदा चालू ठेवायचं ठरलं नाही तर तो आदेश हीच कामगारांना आणि अधिकाऱ्यांना कामावरून कमी केल्याची नोटीस समजली जाते. बँक कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, गोठवते. कास्टिंग (ओतीव भाग) घेणारे ग्राहक आपापले पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचे नमुने, उचलून नेतात, कारण बहुतेक पॅटर्न त्यांच्याच मालकीचे असतात, आणि पॅटर्न गेले की ऑर्डर गेली. इंडक्शन फर्नेस, सँड प्लांट, मोल्डिंग लाइन चालू कारखान्यात कोटींच्या असतात. लिलावात त्यांना जवळजवळ भंगाराचा भाव येतो. जमीन एमआयडीसीची, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. ती विकायची तर एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क. मग जे पैसे येतील त्यातून लिक्विडेशनचा खर्च, कामगारांची देणी आणि तारण असलेली बँक, त्यानंतर सरकारी देणी, मग पुरवठादार, आणि सगळ्यात शेवटी भागधारक. हे सगळं व्हायला वर्षं लागतात. बारा कोटींची चालती फाउंड्री अशी संपली तर तुमच्या २२ टक्क्यांना काय उरेल याचा हिशोब तुमचा सीए एका बैठकीत करून देईल, आणि तो आकडा बघून बहुतेक लोक ही मागणी मागे घेतात.

कायद्याचाही कल तसाच आहे. कलम २७१ मध्ये "न्याय्य आणि समन्यायी" वाटल्यास कंपनी बंद करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, आणि कलम २७२ खाली तुमच्यासारखा भागधारक तो अर्ज करू शकतो. शेअर्स वारसाने आले असतील तर अर्जाआधी ते सहा महिने नावावर असण्याची अटही आड येत नाही. पण कलम २७३ मध्ये लगेच लिहिलंय की अर्जदाराला दुसरा उपाय उपलब्ध असेल आणि तरी तो अवाजवीपणे कंपनी बंदच करा म्हणत असेल, तर अर्ज फेटाळता येतो. तुमच्याकडे दुसरा उपाय आहे: कलम २४१ आणि २४२. यात न्यायाधिकरण शेअर वाटप रद्द करू शकतं, डायरेक्टर काढू किंवा नेमू शकतं, गैरमार्गाने मिळवलेला फायदा वसूल करू शकतं, आणि एका गटाचे शेअर्स दुसऱ्या गटाने किंवा कंपनीने विकत घ्यावेत असा आदेश देऊ शकतं. तुम्हाला हवंय ते इथे आहे.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. कलम २४२ खाली आदेश मिळवायलाही "परिस्थिती अशी आहे की कंपनी बंद करणंच न्याय्य ठरेल, पण तसं केलं तर आमचंच नुकसान होईल" हे दाखवावं लागतं. म्हणजे बंद करण्याची कारणं अर्जात पुराव्यासकट मांडायची, आणि मागायचा मात्र बाय-आउट, म्हणजे आपले शेअर्स त्यांनी विकत घ्यावेत असा आदेश. नवखे वकील हा भाग विसरतात, आणि समोरची बाजू पहिल्या तारखेला त्यावरच बोट ठेवते.

आता तुमची पात्रता. हिस्सा ८.८ टक्क्यांवर आला म्हणून अर्जच करता येणार नाही, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. ते दोन कारणांनी चूक आहे. कलम २४४ मध्ये दहा टक्के भांडवल ही एक वाट आहे; दुसरी वाट शंभर सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांपैकी जे कमी असेल ते. सात सभासदांचा एक दशांश म्हणजे एकापेक्षा कमी, तेव्हा तुम्ही एकटे पुरेसे आहात, हिस्सा कितीही असो. आणि ज्या वाटपामुळे हिस्सा घसरला त्यालाच आव्हान देत असाल तर आधीचा हिस्सा धरावा, हा युक्तिवादही टिकतो. दोन्ही लिहा.

तुमच्या तीन तक्रारींचं वजन मात्र सारखं नाही.

लाभांश न देणं एकट्याने फारसं काही सिद्ध करत नाही. नफा धंद्यात ठेवला असं ते सांगतील, आणि नवी फर्नेस दाखवतील. पण लाभांश शून्य आणि त्याच वर्षांत बहुसंख्य गटाचे पगार, घरच्या बायकांना "सल्लागार" म्हणून दिलेलं मानधन, त्यांच्याच गाळ्याला दिलेलं भाडं वाढत गेलं असेल, तर चित्र बदलतं. हे वर्षवार एका तक्त्यात मांडा: नफा, लाभांश, डायरेक्टरांचा मोबदला, संबंधित व्यक्तींशी व्यवहार. ताळेबंदाच्या टिपांमध्ये हे सगळं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

डायरेक्टरपदावरून काढणं ही दुसरी तक्रार. टाटा सन्स आणि सायरस मिस्त्री वादात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की पदावरून काढणं म्हणजे आपोआप भागधारकाची गळचेपी होत नाही. तुमची कंपनी मात्र वेगळ्या जातीची असू शकते. उद्यमनगरात भागीदारी फर्म म्हणून सुरू झालेला धंदा पुढे प्रायव्हेट लिमिटेड झाला असेल, प्रत्येक घरातला एकजण कामावर असावा अशी रीत असेल, शेअर्स बाहेर विकायला बंदी असेल, तर ती कागदावर कंपनी आणि व्यवहारात भागीदारीच. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७२ मध्ये एब्राहिमी प्रकरणात हे तत्त्व मांडलं आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हिंद ओव्हरसीज प्रकरणात त्याचा विचार केला, पण सावधपणे: नुसता विश्वास उडाला एवढं पुरत नाही. म्हणून जुनं भागीदारीपत्र, ते रद्द केल्याचा कागद, पहिली बँक मंजुरी, वडिलांच्या काळातली मिनिट्स (सभांची इतिवृत्तं) शोधा. माळ्यावरच्या ट्रंकेत असतील तर तिथून काढा.

कसं काढलं हेही बघा. कलम १६९ ने काढायचं तर विशेष सूचना, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी आणि सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. बोर्डाच्या ठरावाने भागधारकांनी निवडलेला डायरेक्टर जात नाही. घरच्या कंपन्यांत जास्त चालणारी युक्ती कलम १६७ ची आहे. बारा महिन्यांत एकाही बोर्ड मीटिंगला हजर नाही म्हणून पद आपोआप रिकामं झालं असं दाखवायचं, आणि मीटिंगच्या नोटिसा तर कधी पाठवलेल्याच नसतात. डायरेक्टर बदलल्याचं सरकारला कळवणाऱ्या डीआयआर-१२ फॉर्ममध्ये कोणतं कारण लिहिलंय ते पाहिलं की कळेल.

तिसरी तक्रार, नवे शेअर्स, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू. आकड्यांत पाहू. समजा १०० रुपयांचे १ लाख शेअर्स होते, त्यांतले तुमचे २२ हजार. त्यांनी दर्शनी किमतीलाच आणखी दीड लाख शेअर्स स्वतःला घेतले. एकूण अडीच लाख, तुमचा हिस्सा ८.८ टक्के. कंपनीची खरी किंमत १२ कोटी असेल तर आधी तुमचा वाटा २ कोटी ६४ लाखांचा होता. कंपनीत दीड कोटी नवे आले, किंमत साडेतेरा कोटी झाली, आणि तुमचा वाटा उरला १ कोटी १९ लाखांच्या आसपास. जवळपास १ कोटी ४५ लाख तुमच्या खिशातून त्यांच्या खिशात गेले, कुणीही चेक न फाडता.

असं वाटप दोनच दारांनी होऊ शकतं. हक्कभाग, म्हणजे आहेत त्याच भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर्स, असेल तर कलम ६२ प्रमाणे प्रत्येक भागधारकाला त्याच्या प्रमाणात ऑफर पाठवावी लागते, पोहोच मिळेल अशा रीतीने, आणि स्वीकारायला किमान ७ व जास्तीत जास्त ३० दिवस द्यावे लागतात. तुम्हाला ऑफर आली का? पोहोचपावती कुठे आहे? दुसरं दार ठरावीक लोकांना वाटप करण्याचं. त्याला तीन चतुर्थांश बहुमताचा विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाने काढलेली किंमत लागते. त्यांच्याकडे ७८ टक्के असल्याने ठराव ते तुमच्याशिवाय करू शकतात, पण सभेची नोटीस तुम्हाला द्यावीच लागते, आणि १२ कोटींच्या कंपनीचा शेअर १०० रुपयांना असं कोणता मूल्यांकक लिहून देईल? ताबा मिळवण्यासाठी केलेलं वाटप सर्वोच्च न्यायालयाने डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात रद्द ठरवलंय. डायरेक्टरने हा अधिकार कंपनीसाठी वापरायचा असतो, स्वतःचं बहुमत घडवायला नाही. मात्र ऑफर रीतसर आली होती आणि तुम्ही ती तशीच ड्रॉवरमध्ये टाकलीत, तर ही बाजू बरीच लंगडी पडते. पुढे कधी ऑफर आली तर गप्प बसू नका. एक तर निषेध नोंदवून पैसे भरा, नाही तर कंपनीला या पैशाची गरज का नाही ते लेखी कळवा.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी कागद. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कंपनीने दाखल केलेली सार्वजनिक कागदपत्रं पाहता आणि उतरवून घेता येतात. दर वर्षीचा वार्षिक परतावा एमजीटी-७ किंवा ७ए घ्या, त्यात भागधारकांची यादी असते. वाटपाचा पीएएस-३ आणि त्याला जोडलेला ठराव, विशेष ठरावाचा एमजीटी-१४, भांडवल वाढवल्याचा एसएच-७, डीआयआर-१२, बँक तारणाचे सीएचजी-१, ताळेबंदाचे एओसी-४. कंपनीकडे लेखी अर्ज करून सभासद नोंदवही आणि सर्वसाधारण सभांची मिनिट्स पाहायला मागा, तो तुमचा हक्क आहे. बोर्डाची मिनिट्स मात्र साध्या सभासदाला मागता येत नाहीत, ती न्यायाधिकरणाकडून मागवावी लागतात. अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हींनी पाठवा. नकार आला तर तोही पुरावाच.

एक कागद सगळे विसरतात: एमआयडीसीचा भाडेपट्टा कुणाच्या नावावर आहे? कंपनीच्या, की जुन्या फर्मच्या, की थोरल्या काकांच्या? जमीन कंपनीची नसेल तर वरचा बारा कोटींचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो आणि सगळी व्यूहरचना बदलते.

वेळेचंही भान ठेवा. न्यायाधिकरणातल्या अर्जांना मुदतीचा कायदा लागू आहे आणि साधारणपणे तीन वर्षं धरतात. चालू असलेल्या अन्यायाला सूट मिळते, पण एकदाच झालेल्या वाटपासाठी त्या सुटीवर विसंबू नका. पदावरून काढून दोन वर्षं झालीत, म्हणजे हातात फार नाही.

अर्जासोबत अंतरिम मागण्या नेमक्या ठेवा: भागभांडवल आहे तसं ठेवणं, आणखी वाटप नको, जमीन आणि मशिनरी विकणं किंवा नव्याने तारण ठेवणं नको, हिशोब पाहू द्या. कारखान्याचं रोजचं कामकाज थांबवा असं मागू नका. चालू धंदा अडवणारा अर्जदार न्यायाधिकरणाच्या मनातून उतरतो. चुलत भावांनी कागल–हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत बायकांच्या नावे दुसरं युनिट काढून ऑर्डर तिकडे वळवल्या आहेत असा संशय असेल, तर स्वतंत्र लेखापरीक्षक नेमण्याची मागणी करा. पण आधी काहीतरी ठोस हवं. त्याच ग्राहकाचं नाव, त्याच काळात इकडची घसरलेली विक्री, तिकडे गेलेले तेच सुपरवायझर.

आता किंमत. बाय-आउटमध्ये खरी लढाई इथेच होते, आणि बहुतेक नुकसानही इथेच. "पुस्तकी किंमत" हा शब्द मान्य करू नका. एमआयडीसीची जमीन ताळेबंदात पंचवीस वर्षांपूर्वीच्या दराने पडून असते. भाडेपट्ट्याच्या हक्काची बाजारभावाने किंमत, चालू धंद्याची कमाई, आणि जादा पगार-भाडी वजा न करता काढलेला नफा, या तिन्हींचा विचार करणारा मूल्यांकक मागा. मूल्यांकनाची तारीख कोणती हे न्यायाधिकरण परिस्थिती बघून ठरवतं. सहसा अर्जाच्या आसपासची धरतात, पण त्यांच्या कारवायांमुळेच धंदा खालावला असेल तर आधीची तारीख मागता येते. अल्पसंख्य हिस्सा म्हणून वीस-तीस टक्के कापून द्यायचा प्रयत्न होईल. भागीदारीसारख्या कंपनीत, गळचेपीमुळे बाहेर पडावं लागणाऱ्याला ही कपात लावू नये असं ठामपणे मांडा. हिस्सा २२ धरायचा की ८.८, हे वाटपाच्या निकालावर ठरेल, म्हणून ती मागणी अर्जात बाय-आउटच्या आधी यायला हवी.

तुम्ही डायरेक्टर असताना बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली असेल तर पद गेलं, शेअर्स विकले, तरी ती हमी तशीच राहते. बँकेला लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेता येते का, हे हमीपत्राच्या अटी वाचून ठरवा. आधीचं येणं मात्र सुटत नाही. तडजोडीत बँकेचं हमीमुक्तीचं पत्र हातात आल्याशिवाय शेअर ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही करायची नाही. वडिलांनी कंपनीला दिलेलं बिनतारणी कर्ज असेल तर तेही वेगळं मांडा, ते शेअर्सच्या किमतीत मुरवू देऊ नका. त्या कर्जाच्या जोरावर दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज ठोकायचा मोह कुणी घालेल. त्याला किमान १ कोटीची थकबाकी लागते, आणि दुष्ट हेतूने केलेल्या अर्जाला १ लाखापासून १ कोटीपर्यंत दंड आहे.

आपल्या बाजूने काय बिघडतं तेही सांगतो. ऑफिसमधून गुपचूप फायली उचलणं, ग्राहकांना पत्रं लिहून कंपनीची बदनामी करणं, पोलीस तक्रार आधी आणि दिवाणी उपाय नंतर. डायरेक्टर असताना स्वतःची प्रतिस्पर्धी फाउंड्री काढली असेल तर ते पहिल्याच उत्तरात पुढे येईल. न्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत ही अपेक्षा तिथे खरोखर ठेवली जाते. आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धमक्या देऊ नका; ते स्क्रीनशॉट जोडपत्र म्हणून येतात.

तडजोड कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते, कलम ४४२ खाली मध्यस्थीही मागता येते. भावकीत ती बहुधा पाव्हण्यांच्या मध्यस्थीनेच होते, हरकत नाही, पण कागदावर आणा आणि न्यायाधिकरणाचा आदेश करून घ्या, म्हणजे तो हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. हप्ते असतील तर व्याज, तारण आणि हप्ता चुकला तर काय, हे लिहा. जुन्या वर्षांच्या कर मागण्या तुमच्यावर येणार नाहीत याची हमी घ्या. भांडवली नफ्याचा कर किती बसेल ते आकडा मान्य करण्याआधी सीएकडून काढून घ्या. "त्याच किमतीला तुम्ही घ्या नाहीतर मी घेतो" हा प्रस्ताव ऐकायला छान असतो, पण २२ टक्केवाल्याकडे उरलेले ७८ टक्के घ्यायला पैसा नसेल तर समोरचा मुद्दाम कमी भाव सांगतो.

कंपनी बंद करण्याचा अर्ज योग्य ठरतो अशा जागा आहेत. दोन भाऊ, पन्नास-पन्नास टक्के, एकमेकांशी बोलत नाहीत, बँकेचे चेक सह्यांअभावी अडलेत आणि दोघांपैकी कुणाकडेही दुसऱ्याला विकत घ्यायची ताकद नाही. किंवा भट्टी कधीच थंड झालीय, ग्राहक नाहीत, फक्त भूखंड उरलाय. तिथे लिक्विडेटर येणं सगळ्यांच्या सोयीचं असतं. तुमची फाउंड्री तीन पाळ्यांत चालते असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे मूळ अर्ज २४१-२४२ चा करा आणि बंद करण्याची मागणी पर्यायी म्हणून शेवटी ठेवा.

तीन गोष्टी कळवा, मग पुढचं नेमकं सांगता येईल: पीएएस-३ वरची वाटपाची तारीख आणि किंमत, एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावरचं नाव, आणि बँकेकडे तुमची हमी आहे की नाही. आर्टिकल्समधली (कंपनीच्या नियमावलीतली) शेअर ट्रान्सफरची अट आणि कुटुंबात काही लेखी करार झाला असेल तर तोही पाहायला हवा; करारातली बंधनं आर्टिकल्समध्ये उतरवलेली नसतील तर कंपनीवर ती लागू करणं अवघड जातं.